कारागिराचे नाव

वस्तुसंग्रहालय म्हटले की राजांच्या तलवारी आणि देवांच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. राणीच्या बागेलगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र निराळ्या हेतूने निघाले. १८६२ मध्ये त्याचा पाया घातला गेला, १८७२ मध्ये ते लोकांना खुले झाले आणि १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया व आल्बर्ट यांच्या नावाने ओळखले गेले. त्याच्या उभारणीसाठी भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट झटले. तिथे मांडली ती या देशाची कारागिरी: धातूची आणि मातीची भांडी, लाकडावरचे व हस्तिदंतावरचे कोरीवकाम. यात केवळ कौतुक नव्हते. कोणता माल कोठे होतो, हेही सरकारला पाहावयाचे होते.

कोलशेतच्या कामगारांसह आम्ही हे संग्रहालय पाहिले, तेव्हा मंडळी अधिक रेंगाळली ती माणसांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृतींपुढे. पागोटे, हत्यार, बसण्याची ढब, सारे हुबेहूब. ओळख मात्र जातीची किंवा धंद्याची. माणसाला नाव नाही.

हे मुंबईतच घडले असे नव्हे. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियात, बेनिन नावाचे राज्य होते. १८९७ मध्ये इंग्रज फौजेने त्याची राजधानी लुटली, राजाला हद्दपार केले आणि ओतीव पितळेचे पट व मस्तके विलायतेस नेली. पुढे ती युरोपभर विखुरली. जगाला बेनिनचे नाव कळले, ओताऱ्याचे नाही. तरी ती विद्या मेली नाही. इगुन आळीत ओताऱ्यांची संघटना टिकली. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, मेण वितळवून त्या जागी धातू, ही रीत बाप मुलाला शिकवीत राहिला. आपल्याकडे बस्तरचा घडवाही याच रीतीने ओततो. लागोसचे राष्ट्रीय संग्रहालय १९५७ मध्ये उघडले. २०२५ मध्ये नेदरलँड्सने बेनिनच्या ११९ वस्तू नायजेरियाला परत केल्या. गेलेली वस्तू अशी मागून आणता येते. गेलेले कसब कोणाकडे मागावे?

आमच्या कोलशेतला रसायनांचे कारखाने होते. त्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. यंत्रे भंगारात गेली; परंतु बॉयलरच्या आवाजावरून दाब ओळखणारे, रंगाची छटा नुसत्या नजरेने जोखणारे हात अजून घरी आहेत. संग्रहालयाला इमारत लागते, पैसा लागतो. वहीला तेवढे लागत नाही. या माणसांपाशी बसून त्यांच्या कामाची रीत लिहून घ्यावी, आणि प्रत्येक पानावर प्रथम त्यांचे नाव घालावे. हे काम संघटनेचे आहे, आणि ते याच पिढीत व्हावयास हवे.