६४ फोटो जोडले, मग फोटो खरा की फेक?

गेल्या हिवाळ्यात मुलुंडला आमच्या गच्चीवरून मी मृग नक्षत्रातला तेजोमेघ टिपला. ट्रायपॉडवर फोन लावून ६४ फोटो काढले, ॲपमध्ये तारे एकमेकांवर नीट बसवले आणि त्यांचा एक फोटो केला. घरच्या ग्रुपवर टाकला. मामेभावाने विचारलं, "एका क्लिकमध्ये आला?" मी म्हटलं, "नाही, ६४ जोडलेत." तो म्हणाला, "मग फेकच की रे!"

राग आला, पण उत्तर सुचेना. ते सापडलं थेट १८७१ सालात.

१२ डिसेंबर १८७१ला दक्षिण भारतात खग्रास सूर्यग्रहण होतं. आजच्या केरळच्या किनाऱ्यावर बेकलला आणि निलगिरीत दोड्डबेट्टाला कॅमेरे लागले होते. अडचण होती करोनाची, म्हणजे सूर्याभोवतीच्या प्रभेची. ती सूर्यालगत खूप तेजस्वी असते आणि बाहेर जाताना झपाट्याने अंधूक होते. प्लेट थोडाच वेळ उघडी ठेवली, तर बाहेरचे किरण गायब. जास्त वेळ ठेवली, तर आतला भाग पांढराफटक. एका फोटोत सगळं मावतच नाही!

मग इंग्लंडमध्ये विल्यम वेस्ली या कलाकाराने दोन्हीकडच्या प्लेट्स ताडून पाहिल्या आणि हाताने एकच चित्र काढलं. आपण ॲपकडून करून घेतो ते काम त्याने पेन्सिलने केलं.

आता खरी गंमत ऐका. करोना सूर्याचाच भाग आहे की आपल्या हवेतला खेळ, यावर तेव्हा वाद होता. पण बेकल आणि निलगिरी, दोन्ही ठिकाणच्या प्लेट्सवर तेच किरण, तेच आकार दिसले. इतक्या लांबच्या दोन जागांवरची हवा सारखी फसवणार कशी? म्हणजे करोना सूर्याचाच. अनेक फोटो होते म्हणूनच हे सिद्ध झालं.

असंच मोठं ग्रहण पुढे आपल्याकडेच झालं, २२ जानेवारी १८९८ला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते. वऱ्हाडात तळणीला ॲनी माउंडर यांनी छोट्याशा कॅमेऱ्यावर करोनाचा लाखो किलोमीटर लांब किरण टिपला.

माझ्या ६४ फोटोंचंही तेच. सेन्सरचे दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, तारा मात्र सगळ्यांत असतो. सरासरी काढली की दाण्यांचा गोंधळ साधारण आठपट कमी होतो, तारा टिकतो. जे सगळ्यांत आहे तेच उरतं.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं, पण आधीच लिहायचं ना." ते मात्र पटलं. आता प्रत्येक फोटोखाली किती फोटो जोडले ते लिहितो. तुम्हीही लिहा. भेटू पुढच्या भागात!