सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट

सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट हा मुंबईतील वादक चरणजित सिंग (१९४० – ५ जुलै २०१५) यांचा इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताचा अल्बम आहे. १९८२ साली ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम एच.एम.व्ही. या नाममुद्रेखाली तबकडीच्या रूपात प्रकाशित झाला. हिंदुस्थानी संगीतातील दहा राग त्यात सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यासह वाजवले आहेत. शिकागोत पुढे उदयास आलेल्या 'अ‍ॅसिड हाउस' या नृत्यसंगीताशी असलेल्या साम्यामुळे तो विशेष ओळखला जातो.

पार्श्वभूमी

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार, बास गिटार आणि विद्युत कळफलकाची वाद्ये वाजवत. शंकर–जयकिशन, राहुलदेव बर्मन आदी संगीतकारांकडे त्यांनी काम केले. 'कुर्बानी' (१९८०) आणि 'डिस्को डान्सर' (१९८२) या चित्रपटांच्या काळात डिस्को संगीत लोकप्रिय होते. त्याचाच ठेका घेऊन, तबल्याऐवजी यंत्राच्या साथीने राग वाजवावेत, ही या अल्बममागील कल्पना होती.

वाद्ये

अल्बममध्ये रोलँड या जपानी कंपनीची तीन वाद्ये मुख्य आहेत. ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर रागाची सुरावट वाजते. टीआर-८०८ हे तालयंत्र ठेका धरते, तर टीबी-३०३ हे यंत्र खर्जातील आवर्ती स्वराकृती वाजवते. टीबी-३०३ हे मुळात बास गिटारवादकाला पर्याय म्हणून बनवलेले यंत्र होते. त्यात स्वर आधी क्रमाने नोंदवावे लागतात. लगतचे दोन स्वर घसरत जोडण्याची सोय आणि नाद कमी-अधिक तीव्र करणारे खटके ही त्याची वैशिष्ट्ये होत.

सांगीतिक स्वरूप

अल्बममधील रागांत ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी यांचा समावेश आहे. पहिल्या रचनेतील यंत्राद्वारे बदललेल्या आवाजातील मंत्रोच्चार सोडल्यास भर वादनावरच आहे. पाश्चात्त्य पद्धतीने स्वरसंवाद बदलत न जाता प्रत्येक रचना एकाच षड्जाभोवती फिरते. त्यामुळे सतत आवर्तित होणारी खर्जाची स्वराकृती काही प्रमाणात तानपुऱ्याच्या आधारस्वराचे काम करते. भूपाली, कलावती, मालकंस आणि बैरागी हे पाच स्वरांचे औडव राग असल्याने मोजक्या स्वरांच्या आवर्ती मांडणीस ते सोयीचे ठरतात.

या माध्यमाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कळफलकाची बारा स्वरांची विभागणी ठरलेली असल्याने तोडीतील अतिकोमल गंधारासारखे सूक्ष्म श्रुतिभेद दाखवणे अवघड जाते. घसरत्या स्वरांमुळे मींडेचा केवळ आभास निर्माण होतो. दर मात्रेवर सारखाच ठोका पडत असल्याने तालातील खाली-भरीचा भेद लोपतो.

प्रतिसाद आणि पुनर्शोध

प्रकाशनानंतर अल्बमला व्यावसायिक यश मिळाले नाही आणि तो विस्मृतीत गेला. २००२ साली डच संग्राहक एडो बाउमन यांना दिल्लीत त्याची एक प्रत मिळाली. त्यांच्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेने २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित केला. हे ध्वनिमुद्रण १९८२ चे नसून एखाद्या आधुनिक संगीतकाराने केलेली गंमत असावी, अशी शंकाही त्या वेळी व्यक्त झाली. पुनःप्रकाशनानंतर सिंग यांनी युरोपात या संगीताचे कार्यक्रम केले.

अ‍ॅसिड हाउसशी संबंध

फ्यूचर या शिकागोतील गटाची १९८७ साली प्रकाशित झालेली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना सामान्यतः या शैलीचा आरंभ मानली जाते. सिंग यांचे ध्वनिमुद्रण त्याआधी पाच वर्षांचे असल्याने त्यांना कधीकधी या शैलीचे जनक म्हटले जाते. मात्र शिकागोतील संगीतकारांनी हा अल्बम ऐकला असल्याचा पुरावा नाही. टीबी-३०३ चे उत्पादन १९८४ मध्ये थांबले आणि जुनी यंत्रे स्वस्तात मिळू लागल्याने ती शिकागोतील तरुण संगीतकारांच्या हाती आली. त्यांनी वादन चालू असताना खटके फिरवून नाद बदलत नेण्यालाच रचनेचे केंद्र बनवले. सिंग यांच्याकडे मात्र ते स्थान रागाच्या सुरावटीला आहे. त्यामुळे दोहोंतील साम्य प्रभावातून आलेले नसून, समान यंत्र आणि आवर्तनावर आधारलेली रचनापद्धती यांतून स्वतंत्रपणे निर्माण झालेले दिसते.