गाव नमुन्यांची परस्पर जोडणी

गाव नमुन्यांची परस्पर जोडणी ही महाराष्ट्राच्या महसुली अभिलेखांतील निरनिराळ्या नोंदवह्या समान क्रमांकांच्या आधारे एकमेकींशी बांधून ठेवणारी व्यवस्था होय. डेटाबेसमध्ये माहिती अनेक कोष्टकांत विभागून सामाईक क्रमांकांनी जोडतात. हस्तलिखित गाव नमुन्यांत हेच तत्त्व होते. पुढे ते ई-फेरफार या संगणकीय प्रणालीतही आले.

रचना

एकाच नावाची गावे अनेक असू शकतात. त्यामुळे दौंड तालुक्यातील भांडगावचा अभिलेख शोधताना जिल्हा, तालुका व गाव या क्रमाने जावे लागते. २०२० मध्ये सुधारलेल्या सातबारावर गावाच्या नावासोबत त्याचा संकेतांकही येतो. गावाच्या अभिलेखात पुढील क्रमांक दुव्याचे काम करतात :

- गट किंवा भूमापन क्रमांक : गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख) व गाव नमुना १२ (पिकांची नोंदवही) यांना जोडतो.
- खाते क्रमांक : गाव नमुना ७ व ८अ यांना जोडतो. ८अ मध्ये खातेदाराच्या त्या गावातील सर्व जमिनी एकत्र दिसतात.
- फेरफार क्रमांक : गाव नमुना ७ वरील हक्काची नोंद गाव नमुना ६ मधील तिच्या कारणापर्यंत, म्हणजे खरेदी, वारसा, वाटणी इत्यादींपर्यंत नेतो.

बदलाची प्रक्रिया

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये नोंदवून हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. हरकत आल्यास प्रकरण गाव नमुना ६अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. मंडळ अधिकाऱ्याने किंवा अन्य सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. प्रलंबित फेरफार सुधारित सातबारावर स्वतंत्रपणे दाखवला जातो.

महत्त्व

कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. त्यामुळे दुवा चुकल्यास परिणाम गंभीर होतो. खाते क्रमांक चुकीचा पडल्यास जमीन दुसऱ्याच्या ८अ मध्ये दिसते. फेरफार क्रमांक चुकल्यास हक्काचे मूळ सापडत नाही. पीककर्ज, वारसनोंद किंवा विक्रीच्या वेळी शेतकऱ्यास त्याची झळ बसते. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते का, यासारख्या तपासण्यांतून विसंगती उघड होतात. लेखनप्रमाद असल्यास कलम १५५ खाली दुरुस्ती करता येते. मात्र हक्काचाच वाद असल्यास त्याचा निर्णय दिवाणी न्यायालयाकडे जातो.