फोनॉन आणि उष्णतेचा हॉल परिणाम
१४. फोनॉन म्हणजे स्फटिकाच्या जाळीतील कंपनांचा पुंज; विद्युतरोधकात उष्णता मुख्यतः तोच वाहून नेतो. त्याच्यावर विद्युतभार नसतो. त्याला चुंबकीय क्षेत्राने वळवावे, हे प्रथमदर्शनी पटत नाही. तरीही २००५ मध्ये श्ट्रोम, रिकन आणि वायडर यांनी टर्बियम गॅलियम गार्नेट या विद्युतरोधक स्फटिकात, सुमारे ५ केल्व्हिन तापमानाला, उष्णतेच्या प्रवाहाला आडवा असा तापमानफरक मोजला. फरक अतिसूक्ष्म, पण क्षेत्राची दिशा उलटली की त्याचीही उलटे. लेखकाने याचे श्रेय सरसकट चुंबकत्वाला दिले आहे, ते घाईचे वाटते. टर्बियमचे चुंबकीय आयन जाळीच्या कंपनांशी जोडलेले असतात आणि त्यांच्यावरून फोनॉन एका बाजूला अधिक विखुरतात, हे एक स्पष्टीकरण खरे. परंतु स्ट्रॉन्शियम टायटनेट चुंबकीय नसूनही त्यात हा परिणाम पुढे चांगला ठळक आढळला. — संपा.