ग्रंथपाल मोबाइलवर आला तर वाचकाला काय मिळते? नांदेड-लातूरच्या वाचनालयांसाठी ऑनलाइन साधनांची ओळख

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावून पाहा. टेबलावर पुस्तक असते, पुस्तकावर मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये कुठल्या तरी टेलिग्राम चॅनेलवरून उतरवलेली पीडीएफ उघडलेली असते. ती कोणी तयार केली, कोणत्या वर्षाची आहे, तिच्यात सगळी पाने आहेत का, हे सहसा कोणी तपासत नाही.

पण यात विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते. ‘नीट’चा अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून बदलला आणि काही घटक वगळले गेले. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा पूर्वी मुख्यतः बहुपर्यायी होती, ती २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाली. जुन्या नोट्स मात्र ग्रुपमधून फिरतच आहेत. ‘ही आवृत्ती जुनी आहे, नवी इथे मिळेल’ असे सांगणारे कोणी तरी लागते. हे सांगणे ग्रंथपालाचे काम आहे. वाचक मोबाइलवर असेल, तर ते काम ग्रंथपालालाही मोबाइलवर करावे लागणार.

ग्रंथपालाचे मूळ काम कोणते?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांचा मथितार्थ असा, की पुस्तके वापरण्यासाठी असतात, वाचकाला हवे ते पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, यात वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये आणि ग्रंथालय सतत वाढत राहिले पाहिजे. त्यांचा जन्मदिन, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

या पाचांत कपाटाचा किंवा इमारतीचा आग्रह कुठेच नाही. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरून वाचकाला योग्य पुस्तकापर्यंत नेणे हेही ग्रंथपालाचेच काम ठरते.

नांदेड-लातूरमध्ये कोणती ग्रंथालये आहेत?

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथे १९५५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला होता. पुढे महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६७ मध्ये आला आणि आजची व्यवस्था त्यावर उभी आहे. आपल्याला ग्रंथालये साधारण चार प्रकारची दिसतात.

पहिला प्रकार शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांचा. ती संस्था चालवतात, सरकार अनुदान देते आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा ग्रंथालय अधिकारी काम पाहतात. दुसरा प्रकार महाविद्यालयीन ग्रंथालयांचा. तिसरे विद्यापीठाचे ग्रंथालय. नांदेडला १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. चौथा प्रकार खासगी अभ्यासिकांचा. तिथे खुर्ची, पंखा आणि वायफाय मिळते, पण ग्रंथपाल नसतो. पीडीएफचा प्रश्न जास्त करून इथेच उभा राहतो.

‘२३ गोष्टी’ म्हणजे काय?

ग्रंथपालांनी ऑनलाइन साधने शिकावीत, ही कल्पना २००६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका उपक्रमामुळे गाजली. तिथल्या शार्लट आणि मेक्लेनबर्ग काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘२३ गोष्टी’ नावाचा उपक्रम आखला. ब्लॉग सुरू करणे, फोटो टाकणे, विकी वापरणे, पॉडकास्ट शोधणे अशा २३ छोट्या कृती प्रत्येकाने आपल्या वेळेनुसार करून पाहायच्या आणि अनुभव स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचा. पूर्ण करणाऱ्याला एमपी-थ्री प्लेअर भेट मिळत असे. पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी हा नमुना उचलला.

त्या यादीतल्या काही सेवा आज बंद पडल्या आहेत. तरी उपक्रमाचा गाभा टिकला. प्रशिक्षणाच्या पत्राची वाट पाहायची नाही, रोज थोडा वेळ एखादे साधन हाताळायचे आणि चुकले तर पुन्हा करायचे. मराठवाड्यातल्या ग्रंथपालाला यातल्या २३ च्या २३ गोष्टींची गरज नाही. पुढची चार-पाच कामे जमली तरी वाचकाला फरक जाणवेल.

पहिले काम: पुस्तकांची यादी शोधता येईल अशी करणे

दाखल नोंदवहीत पुस्तक आहे, पण ते आहे हे वाचकाला घरबसल्या कळत नाही. यासाठी संगणकीय तालिका लागते. ‘कोहा’ ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० पासून वापरात आहे. ती मुक्त स्रोत आहे, म्हणजे परवाना शुल्क लागत नाही. ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे आणि त्याचा अर्थ भेट. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आणि गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ची ‘सोल’ याही प्रणाली आहेत.

नोंदी करताना एक काळजी घ्यावी लागते. अनेक ठिकाणी जुन्या याद्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. दुसऱ्या संगणकावर त्या अगम्य अक्षरांत दिसतात आणि त्यातले काहीही शोधात सापडत नाही. नोंद युनिकोडमध्येच हवी. आपल्या भागात तर हे जास्तच महत्त्वाचे आहे. देगलूर, धर्माबादकडे तेलुगू आणि उदगीर, निलंग्याकडे कन्नड ऐकू येते, उर्दूचे वाचक दोन्ही जिल्ह्यांत आहेत. युनिकोडमुळे या सगळ्या लिप्या एकाच तालिकेत राहू शकतात.

दुसरे काम: व्हॉट्सअ‍ॅप, पण कोणत्या प्रकारचे?

वाचनालयाचा ग्रुप काढणे सोपे आहे, पण त्यात एक अडचण आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. वाचनालयात नाव नोंदवलेल्या मुलीचा नंबर शेकडो अनोळखी लोकांपर्यंत जाणे कोणालाही आवडणार नाही. अशाने ती ग्रुपच नव्हे, वाचनालयही सोडू शकते. म्हणून पर्याय समजून घ्यावेत.

ग्रुप: १,०२४ सदस्यांपर्यंत. गप्पा होतात, नंबर दिसतात. वाचक-कट्ट्यासारख्या ओळखीच्या लोकांसाठी ठीक.

ब्रॉडकास्ट लिस्ट: एका यादीत २५६ जण. संदेश प्रत्येकाला वेगळा जातो आणि नंबर इतरांना दिसत नाहीत. मात्र ज्यांनी वाचनालयाचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच तो मिळतो.

चॅनेल: २०२३ मध्ये आले. संदेश एकतर्फी जातात आणि अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. नवी पुस्तके, सुटीची सूचना, कार्यक्रम यासाठी सर्वांत सोयीचे.

कोण कोणते पुस्तक घरी नेते, हेही खासगी असते. ‘अमुक पुस्तक तमुक यांच्याकडे थकीत आहे’ असा संदेश ग्रुपवर कधीच टाकू नये. स्मरणपत्र ज्याचे त्यालाच पाठवावे. वाचकांचे नंबर आणि पत्ते ही वैयक्तिक माहिती आहे आणि अशा डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशात स्वतंत्र कायदा झाला आहे.

तिसरे काम: फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि नकाशा

नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकताना खाली लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि विषय मराठीत टाइप करावेत. फोटोतली अक्षरे शोधात सापडतीलच याची खात्री नसते, टाइप केलेली सापडतात. रोज पोस्ट टाकण्याचा अट्टहास नको. आठवड्याला एक नेमकी पोस्ट पुरते.

स्थानिक दिनविशेष हा वाचनालयांचा मोठा ठेवा आहे. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, ३० सप्टेंबरला १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण. त्या दिवशी आपल्या कपाटातली या विषयांवरची पुस्तके दाखवली, की ती कोणी तरी मागायला येते. भूकंपाचे फोटो टाकताना मात्र ज्यांच्या घरातली माणसे गेली, ते लोक आपल्या आसपासच राहतात याचे भान ठेवावे.

गुगल मॅप्सवर वाचनालयाची जागा आणि वेळ नोंदवणे अगदी साधे आणि फुकट काम आहे. वाचनालय किती वाजता उघडते हे न कळल्याने परत फिरणारा वाचक त्यामुळे वाचतो.

चौथे काम: फुकट आणि कायदेशीर ते दाखवणे

पीडीएफ मागणाऱ्याला नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, पर्याय द्यावा लागतो. तो बऱ्याचदा असतो.

एनसीईआरटी आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. ‘नीट’साठी एनसीईआरटीची पुस्तके पायाभूत मानली जातात.

एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्याच संकेतस्थळावर मिळतात. अभ्यासक्रमही तिथूनच घ्यावा.

मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकेही मोफत उतरवता येतात.

‘शोधगंगा’वर देशातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध आहेत. त्यात नांदेडच्या विद्यापीठाचे नाव निवडले, की आपल्या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत झालेले संशोधन दिसते.

‘नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ आयआयटी खरगपूरने उभी केली आहे. शालेय पुस्तकांपासून संशोधनापर्यंतचे साहित्य तिथे एकाच जागी शोधता येते.

पीडीएफ ग्रुपवर टाकायची की नाही?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क असतो.

दोन उदाहरणे घेऊ. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांच्या मूळ लेखनावरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला, त्यामुळे ते मोकळेपणाने वाटता येते. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचे निधन १९८२ मध्ये झाले, म्हणून हक्क २०४२ च्या अखेरपर्यंत राहतो. कुरुंदकर नांदेडचे, आपले. पण त्यांच्या पुस्तकाचे स्कॅन ग्रुपवर टाकण्याचा अधिकार त्यामुळे आपल्याला मिळत नाही. पुस्तकात दुसऱ्याची प्रस्तावना किंवा अनुवाद असेल, तर त्याचा हक्क वेगळा मोजतात.

कायद्याने ग्रंथालयांना सवलतही दिली आहे. वाचनालयाकडे छापील प्रत असेल, तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवू शकते. भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. कुरतडू लागलेली जुनी मराठी पुस्तके वाचवायला ही सवलत मोलाची आहे. जतन आणि वाटप यात मात्र फरक आहे.

पाचवे काम: फॉरवर्ड तपासणे

एखादा सुविचार किंवा कविता पु. ल., व. पु. किंवा कुरुंदकरांच्या नावावर फिरू लागते. खाली पुस्तकाचे नाव नसते, पान क्रमांक तर नसतोच. इथे वाचनालयाकडे असे काही आहे, जे ग्रुप अ‍ॅडमिनकडे नाही, ते म्हणजे समोर छापील पुस्तक. पुस्तक, आवृत्ती आणि पान सांगता आले तरच ओळ त्या लेखकाची. शोधून सापडली नाही, तर ‘आमच्याकडच्या पुस्तकांत मिळाली नाही’ एवढेच प्रामाणिकपणे लिहावे.

एआय चॅटबॉटबाबतही हीच सावधगिरी हवी. ‘मराठवाड्याच्या इतिहासावरची दहा पुस्तके सांग’ म्हटले, की तो सराईतपणे यादी देतो. त्यात एखादे पुस्तक कधी छापलेच गेलेले नसते. यादी तालिकेत ताडून पाहिल्याशिवाय वाचकाच्या हातात देऊ नये.

अडचणी कोणत्या?

छोट्या गावातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच माणूस कुलूप उघडतो, झाडलोट करतो, देवघेव सांभाळतो आणि दप्तरही लिहितो. मोबाइल त्याचा, डेटाचा खर्चही त्याचा. अशा माणसावर ‘आता रील्सही करा’ असा भार टाकणे योग्य नाही. वाचनालयाच्या नावाचा वेगळा नंबर, वर्गणीदारांतला एखादा हौशी विद्यार्थी मदतीला आणि पासवर्ड संस्थेच्या दप्तरी लिहून ठेवणे, एवढे संचालक मंडळ करू शकते. पासवर्ड एकाच व्यक्तीकडे राहिला, तर ती व्यक्ती गेल्यावर पेजही हातातून जाते.

वाचक म्हणून तुम्ही काय करू शकता?

ग्रुपवर पीडीएफ मागण्याआधी जवळच्या वाचनालयाला एक संदेश पाठवून विचारा, की या विषयावर चालू अभ्यासक्रमाचे काय आहे? वाचनालय गुगल मॅप्सवर नसेल, तर त्याची नोंद तुम्हीही सुचवू शकता. आणि पीडीएफ मिळालीच, तर पहिले पान उघडून वर्ष पाहा. वर्ष नसेल, तर तेवढे ग्रंथपालांना दाखवून मगच अभ्यासाला बसा.