पचनमार्गाचा लिम्फोमा

लसीका पेशी, म्हणजे रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक वर्ग, बेबंद वाढून अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत कुठेही होणारा कर्करोग. लिम्फोमा म्हटले की मानेतल्या, काखेतल्या गाठी आठवतात. पण गाठींबाहेर तो सर्वांत जास्त आढळतो तो पचनमार्गातच. जठर पहिले, मग लहान आतडे. मोठ्या आतड्यात मात्र तो दुर्मीळ. तिथल्या कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात एकाहूनही कमी.

त्यामुळे आतड्याच्या स्क्रीनिंगमध्ये तो सापडतो तो योगायोगाने. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा २००६पासून ठरावीक वयाच्या नागरिकांची अशी तपासणी करते. शौचाचा नमुना घरीच घ्यायचा आणि टपालाने पाठवायचा. २०१९पासून त्यातले न दिसणारे रक्त ‘फिट’ चाचणीने शोधतात. रक्त आढळले की कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची पाहणी. हा सारा खटाटोप असतो अस्तरावर उगवणाऱ्या पॉलिपसाठी (मांसल फुगवट्यांसाठी) आणि कर्करोगासाठी. लिम्फोमा बहुधा अस्तराच्या आतल्या थरांत पसरतो आणि रक्त सांडेलच असे नाही. दुर्बिणीतही तो रूपे पालटतो : कुठे गुळगुळीत उंचवटा, कुठे व्रण, तर ‘मँटल पेशी’ नावाच्या लिम्फोमाच्या प्रकारात कधी आतडेभर बारीक पॉलिपची पेरणी. चिमट्याने घेतलेला तुकडा वरवरचा निघाला तर निदान हुकू शकते.

भारतात घोटाळा वेगळाच. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे, आतड्याची नाही. रुग्ण येतो तो पोटदुखी, ताप, घटलेले वजन घेऊन. आणि लहान-मोठे आतडे जिथे जुळते तिथली सूज पाहून डॉक्टरांना आधी क्षय आठवतो. आठवण्यात चूक नाही, दोन्ही रोगांची ती लाडकी जागा आहे. चूक होते ती तुकडा न तपासता महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालू ठेवण्यात.

या रोगाचा सर्वांत नवलाचा अध्याय जठरातला. निरोगी जठरात लसीका ऊती जवळजवळ नसतात, मग तिथे लिम्फोमा कसा? १९८३मध्ये पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी अस्तराशी निगडित ‘माल्ट’ लिम्फोमाचे वर्णन केले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या मागावर होते. दोन्ही धागे पुढे जुळले : या जंतूने पेटवलेल्या दीर्घ दाहातून लसीका पेशी जठरात गोळा होतात आणि त्यांतूनच अर्बुद उभे राहते. १९९३मध्ये आयझॅकसन यांच्या गटाने सहा रुग्णांना फक्त प्रतिजैविके दिली. पाचजणांचा लिम्फोमा ओसरला. कर्करोगावर प्रतिजैविक! आजही जंतू सापडलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या जठरीय माल्ट लिम्फोमाला पहिले औषध तेच.

बी-पेशी या लसीका पेशींच्या एका गटातून उद्भवणाऱ्या, मोठ्या पेशींच्या आक्रमक लिम्फोमाला हे लागू नाही. तिथे रिटुक्सिमॅब या प्रतिपिंड-औषधासह केमोथेरपी लागते. शस्त्रक्रिया मुख्यतः आतडे फाटले, तुंबले किंवा रक्तस्राव थांबेना तर. ग्रहणीतला फॉलिक्युलर लिम्फोमा याच्या दुसऱ्या टोकाला : तो इतका संथ असतो, की त्रास नसल्यास बरेचदा काहीच उपचार न करता वर्षानुवर्षे फक्त दुर्बिणीने पाहत राहतात.