बाप्तिस्मा १८८३, विसावा १८९१ : पंडिता रमाबाईंची मधली आठ वर्षे

१/ पंडिता रमाबाईंच्या प्रत्येक चरित्रात एक तारीख ठळकपणे येते : २९ सप्टेंबर १८८३, वाँटेज, इंग्लंड. त्या दिवशी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात वादळ उठले. परंतु १९०७ साली स्वतःच्या श्रद्धेची साक्ष लिहिताना रमाबाई म्हणतात की, व्याकुळ मनाला विसावा मिळाला तो त्यानंतर आठ वर्षांनी. हा धागा त्या आठ वर्षांचा.

२/ व्याकुळतेची मुळे खोल होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध जाऊन पत्नीला संस्कृत शिकवले. पुढे मुलीलाही ती विद्या मिळाली. पुराणे सांगत, तीर्थे करत हे कुटुंब देशभर फिरत होते. १८७०च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. तेव्हा रमाबाईंनी विशीही गाठली नव्हती.

३/ उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी भटकत राहिले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि मान तेवढी बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. व्रते, दाने, तीर्थस्नाने, सारे यथासांग झाले होते. देव मात्र कोठे भेटला नव्हता.

४/ १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. कीर्ती येत होती, तशी जुनी श्रद्धा सुटत चालली होती. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा. रमाबाईंना तेव्हा चोविसावे वर्ष पुरे व्हायचे होते.

५/ सिल्चरला पतीच्या घरी बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले होते. पुण्यात आल्यावर मिस हरफर्ड यांच्याकडे मराठी नवा करार वाचणे सुरू झाले आणि फादर नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांची गाठ पडली. गोरे स्वतः काशीचे शास्त्री. धर्मांतराआधी आणि नंतरही शंकांनी पोळलेले. रमाबाईंच्या बुद्धीला पटेल अशी भाषा बोलणारा माणूस हाच.

६/ १८८३ साली वैद्यकी शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी साथ दिली नाही. बहिरेपणामुळे ते शिक्षण सोडावे लागले. सोबत आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी वाँटेजला आत्महत्या केली. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्याकडे राहिल्या. त्यांची मनःस्थिती इतकी ढासळली होती की रात्री त्यांच्या खोलीत सोबतीला एक मोलकरीण निजत असे, असे म्युलर यांनी लिहून ठेवले आहे.

७/ मग ख्रिस्ती धर्माने त्यांना खेचले कशाने? लंडनजवळ फुलम येथे 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. आपल्याकडे शास्त्रे अशा स्त्रियांना ठाव देत नाहीत आणि येथे कोणी त्यांच्या जखमा धुते, हे कोडे त्यांना पडले. उत्तरादाखल एका भगिनीने येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची कथा वाचून दाखवली.

८/ येथे बहुतेक चरित्रे सुटकेचा श्वास सोडतात. पत्रे वाचली तर निराळेच दिसते. बाप्तिस्म्यानंतरही सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी रमाबाई त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर, चर्चच्या अधिकारावर वाद घालत आहेत. भारतातील पुरोहितांचे जोखड फेकले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हा त्यांचा सूर. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत? अंडे घातलेले पुडिंगही त्यांनी नाकारले. (इकडे पुण्यात महात्मा फुले १८८५च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू मांडत होते.)

९/ पुढे अमेरिका, १८८७चे इंग्रजी पुस्तक, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन. बाहेरून पाहता सारे यश. आत मात्र पोकळी. १८९१च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांनी वाचले. वर्षानुवर्षे धर्मोपदेश करणारा हा पाद्री एके दिवशी स्वतःच प्रवचन देता देता बदलला होता! रमाबाईंना आरसा मिळाला : आपण धर्म स्वीकारला, ख्रिस्त नव्हे. पात्रता सिद्ध न करताही आपण स्वीकारले गेलो आहोत, हे त्यांना तेव्हा उमगले.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबावे. ही कथा प्रसंगानंतर सोळा वर्षांनी, केडगावात धर्मजागृतीची लाट उसळून गेल्यावर लिहिलेली आहे. 'आधी अंधार, मग प्रकाश' हा अशा साक्षींचा ठरलेला साचाही आहे. तरीही मी तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण आधीच्या अस्वस्थतेचा पुरावा साक्षीत नसून त्या त्या काळच्या पत्रांत आहे. धर्मांतराला 'फूस' किंवा 'मुक्ती' म्हणून निकाली काढणाऱ्या दोन्ही बाजूंना ही पत्रे अडचणीची आहेत.

११/ विसावा मिळाला म्हणून संकटे थांबली नाहीत. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि सदनातल्या मुली येऊन बसत. १८९३ साली यावरून वादंग माजले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावले नाही.

१२/ १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. नकाशा पाहा : पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला आमचे मुळशीतले चांदे, सह्याद्रीच्या पावसाचे; पूर्वेला दौंडकडचे केडगाव, पर्जन्यछायेतले. दुष्काळाने आईबाप नेलेली बाई दुष्काळी मुलखातच घर बांधून राहिली.

१३/ उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. भाषा मुद्दाम सोपी ठेवली, अल्पशिक्षित बायकांना एकट्याने वाचता यावी अशी. छपाईचे खिळेही सदनातल्या बायकांनीच जुळवले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, चाळीस वर्षांची. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावच्या छापखान्यातून ते बायबल बाहेर पडले १९२४ साली.